नवऱ्याचीपण मॅच असते हो!

संपादक साहेब,

माझी बायको इथली एमबीबीएस, अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे हॉस्पिटलमधल्या स्पेशालिस्ट ट्रेनिंगसाठी, अप्लाय केलंय. तिकडे मार्चमधे सोमवारी फक्त मॅच झालं की नाही, म्हणजे जागा मिळाली की नाही, एवढंच सांगतात, कुठे ते शुक्रवारी, आपल्याकडे रात्री साडेनऊला, आणि उमेदवारांच्या आणि हॉस्पिटलांच्या पसंतीच्या रँक लिस्ट जुळवून कॉम्प्युटर जिथे टाकेल तिथे जावंच लागतं, म्हणजे माझी नोकरी, व्हिसा, घराचं अ‍ॅग्रीमेंट सगळंच लटकलेलं. बाहेरच्या देशातल्या उमेदवारांत दहातल्या जेमतेम सहा जणांचा नंबर लागतो. काल कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या दोघंही विसरलो, डाळ करपली. वर मामा विचारतात, पेपर सोपा गेला ना? अहो पेपर कधीच संपलेत! तुमच्या करिअर पुरवणीत या मॅचबद्दल एकदा छापा की, कात्रण फॅमिली ग्रुपवर टाकतो.

एक नवरा, पुणे