इंजिन चालू आहे म्हणून घेऊ नका, आधी गाडीखाली जाऊन बघा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत जुन्या स्पोर्ट्स कार घेऊन त्या परत उभ्या करण्यावर जो लेख आला तो मी दोनदा वाचला, आवडला पण, फक्त त्यातलं एक वाक्य काही केल्या डोक्यातून जात नाहीये म्हणून हे पत्र. लेखात म्हटलंय की इंजिन सुरू होत असेल तर गाडी डोळे झाकून घ्या, बाकीचं सगळं हळूहळू होतं. माझा अनुभव बरोब्बर उलटा आहे, आणि तो लेख वाचून कोणी नवखा माणूस आयुष्यातली पहिली जुनी गाडी घ्यायला निघाला असेल तर त्याने माझं ऐकून मग काय ते ठरवावं असं मनापासून वाटतं.

इंजिन बाहेर काढता येतं हो. टेबलावर ठेवून खोलता येतं, बोअर करता येतं, रिंगा-बेअरिंग नवीन टाकता येतात, आणि अगदीच गेलं असेल तर दुसरं आणून बसवता येतं. पत्र्याचं तसं नाही. पत्रा सडलेला असला की सगळी गाडीच सडलेली असते, आणि स्पोर्ट्स कारमध्ये तर जास्तच, कारण त्यातल्या बऱ्याच उघड्या छताच्या, म्हणजे वरून आधार द्यायला काही नाही, सगळा भार खालच्या पत्र्यावर.

माझी पहिली गाडी एमजीबी, ब्रिटिश स्पोर्ट्स कार. 1962 ते 1980 एवढी वर्षं ही गाडी बनत होती, पाच लाखांच्या वर बनल्या, त्यामुळे पार्टची कधी अडचण नाही, 1988 पासून तर तिची अख्खी नवी बॉडीसुद्धा मिळायला लागली. मी बघायला गेलो तेव्हा रंग चकचकीत, पहिल्या सेल्फला सुरू, आवाज इतका छान की मी तिथेच विरघळलो आणि हो म्हणून टाकलं. घरी आणून दोन महिने चालवली. मग एक दिवस जॅकवर उचललेली असताना दार उघडलं आणि ते परत लागेचना, दाराची मागची कड खांबाला घासायला लागली. गाडी चाकांवर उतरवली की दार लागायचं, उचलली की नाही. मला तेव्हा कळलं नाही पण याचा अर्थ एकच असतो, गाडी मधोमध वाकतेय.

एमजीबीला वेगळी चेसिस, म्हणजे खालचा लोखंडी सांगाडा नाही, बॉडी हीच चेसिस. दरवाजाखाली जो आडवा पत्र्याचा पेटीसारखा भाग असतो, सिल म्हणतात त्याला, तो बाहेरचा पत्रा, आतला पडदा आणि खालची पट्टी असा तीन भागांचा मिळून बनतो आणि गाडीची सगळी ताकद त्यात असते. माझ्या गाडीत जुनी गंजलेली सिल तशीच ठेवून वरून जागोजागी नवीन पत्रा चिकटवलेला होता, त्यावर पुट्टी, त्यावर रंग. मी लोहचुंबक कापडात गुंडाळून दाराखालून फिरवला, पुढे दोन वीत चिकटला, मग एकदम हातातून सुटून खाली पडला, मग परत मागच्या चाकापाशी चिकटला. मधल्या जागेत लोखंड नव्हतंच, नुसती पुट्टी. ज्याने विकली त्याला माहीत होतं की नाही मला आजही सांगता येणार नाही, कदाचित त्यालाही कोणी तशीच विकली असेल.

आता हे काम नीट करायचं तर काय करावं लागतं ते लेखात यायला हवं होतं. नुसती सिल बदलून भागत नाही, पुढच्या मडगार्डचा खालचा तुकडा आणि मागच्या पॅनेलचा खालचा तुकडा कापल्याशिवाय सिलच्या टोकांपर्यंत वेल्डिंगच पोचत नाही. आणि कापायच्या आधी दाराच्या चौकटीत आडवा लोखंडी आधार वेल्ड करून ठेवायचा, नाहीतर कापल्या कापल्या गाडी बसते आणि मग नवीन पत्रा वाकड्या मापावर जोडला जातो, मग दार जन्मात सरळ लागत नाही. हे सगळं मला गाडी खोलल्यावर कळलं. सीट, डॅशबोर्ड, वायरिंग, सगळं काढून खोक्यांमध्ये भरलं, खोक्यांवर नावं टाकायची राहिली, मग कामाचे दिवस, घरचं आजारपण, असं करत चार वर्षं गेली आणि शेवटी ती गाडी मी खोक्यांसकट देऊन टाकली. ज्या दिवशी ती ट्रेलरवर चढली त्या दिवशी मला फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

म्हणून माझं ठाम म्हणणं आहे की बघायला जाताना अंगावर जुने कपडे घालून जा, टॉर्च न्या, लोहचुंबक न्या, आणि आधी खाली जा. बोनेट सगळ्यात शेवटी उघडा. कार्पेट उचलून बघू द्या म्हणून सांगा, ओलं असेल तर पाणी कुठेतरी मुरतंय आणि जिथे मुरतंय तिथे गंज आहेच. दाराच्या फटी बघा, वर बारीक आणि खाली रुंद किंवा उलटी असेल तर विचारा का. एक चाक उचलून दार उघडझाप करा, जे मी करायला हवं होतं. टायरवर चार आकडी कोड असतो, पहिले दोन आकडे आठवडा आणि नंतरचे दोन वर्ष, त्यावरून गाडी किती वर्षं नुसती उभी आहे याचा अंदाज येतो, टायरला भरपूर नक्षी शिल्लक आहे पण कोड पंधरा वर्षांपूर्वीचा आहे म्हणजे गाडी चाललेलीच नाही. आणि उभी राहिलेली गाडी चाललेल्या गाडीपेक्षा जास्त काम काढते हे लक्षात ठेवा, ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि ब्रेकचे सिलिंडर आतून गंजून जाम होतात, पेट्रोल टाकीत सुकून चिकट होतं, रबराचे पाइप तडकतात. कमी चालली आहे हो, असं विकणारा कौतुकाने सांगतो तेव्हा मला जरा भीतीच वाटते.

इंजिन बघायचंच नाही असं मी म्हणत नाहीये. गरम करून, सगळे प्लग काढून, अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमध्ये दाब किती होतो ते बघा, सिलिंडरांमध्ये दहा टक्क्यांहून जास्त फरक आला तर ज्याचा आकडा कमी त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत बघा, आकडा वाढला तर रिंगा गेल्यात, नाही वाढला तर बहुतेक व्हॉल्व्ह. एवढ्याने काम किती निघेल ते कळतं. आणि प्रत्येक गाडीचं एक स्वतःचं दुखणं असतं ते आधी माहीत करून घ्या. पोर्शे 944 घेताना टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह वेळेवर उघडझाप करवणारा पट्टा, कधी बदलला त्याचा कागद नसेल तर ती सुरूसुद्धा करून बघू नये, बेल्ट तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात.

हे सगळं आत्ता लिहायला बसलो त्याचं दुसरं कारण म्हणजे माझ्यापुढे परत तोच प्रश्न आलाय. यावेळी ट्रायम्फ टीआर6 आहे, हीपण ब्रिटिश स्पोर्ट्स कार, अडीच लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन, बरीच वर्षं झाकून ठेवलेली. हिला वेगळी चेसिस आहे, बॉडी वरून उचलून बाजूला ठेवता येते, त्यामुळे एमजीबीपेक्षा धीर येतो. पण हिचं दुखणं दोन ठिकाणी असतं. एक, क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनातला मुख्य फिरता दांडा, पुढेमागे सरकू नये म्हणून जे थ्रस्ट वॉशर असतात ते झिजतात आणि शेवटी निखळून खाली पडतात, मग क्रँक ब्लॉकलाच घासायला लागतो. हे बघायची युक्ती सोपी आहे, एकाने आत बसून क्लच दाबायचा आणि दुसऱ्याने बोनेटखाली पुढच्या पुलीकडे बघायचं, ती पुढेमागे सरकली तर वॉशर झिजलेत. मी मागच्या आठवड्यात बघितलं, माझी मुलगी आत बसली होती, तिने पाच-सहा वेळा क्लच दाबला आणि पुली जागची हलली नाही. जीव भांड्यात पडला खरं सांगतो.

दुसरं ठिकाण म्हणजे मागच्या सस्पेन्शनचे आर्म जिथे चेसिसला जोडलेले असतात तो भाग, आणि डिफरन्शियलचे, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरच्या डब्याचे, माउंटिंग जिथे तडकतात ते. तिथे पोचायला गाडी चांगली उंच उचलावी लागते आणि मालक काका सुरुवातीला नको म्हणत होते. मी त्यांना माझ्या पहिल्या गाडीची सगळी गोष्ट सांगितली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले ये रविवारी, मी पण कधी खाली जाऊन बघितलेलं नाही.

तोवर मी हिशोब मांडून ठेवलाय, आणि पैशाचा नाही तर वेळेचा आधी मांडलाय, आठवड्याला मला खरोखर किती तास मिळतात ते दोन महिने वहीत लिहून काढलं तर सरासरी पाच आले, मी वीस धरून चाललो होतो. पाच तासांत चेसिस कापून नवी करायचं काम माझ्याच्याने होणार नाही. ब्रेक, वायरिंग, सीट, कार्ब्युरेटर हे होईल, आणि ते करायला मला मनापासून आवडेल. म्हणजे निर्णय आता त्या मागच्या दोन हातभर जागेवर आलाय. रविवारी स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली जाणार, टोचल्यावर आत गेला तर त्यांचे आभार मानून परत येणार. टणकन आवाज आला तर गाडी माझी.

पुरवणीत या विषयावर पुन्हा लिहिणार असाल तर एक फोटो गाडीच्या खालच्या बाजूचा जरूर छापा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक