येत्या पावसात मुंबईला या

ती. आई-बाबांना,
सा. नमस्कार.

फोनवर हे सांगायला गेले असते तर मध्येच माझा आवाज भरून आला असता, म्हणून लिहिते आहे.

गेले तीन रविवार मी मुंबईत जुन्या सिनेमांचं शूटिंग झालं त्या जागा बघत फिरते आहे. सुरुवात आईमुळे झाली. गणपतीत आले होते तेव्हा टीव्हीवर 'मंझिल'मधलं लताबाईंचं 'रिमझिम गिरे सावन' लागलं आणि आई, भाजी निवडता निवडता तू म्हणालीस, "आम्हीपण असेच भिजायचो गं ओव्हलला." बाबा नुसते हसले. इतक्या वर्षांत हे मी कधी ऐकलंच नव्हतं.

म्हणून पहिल्या रविवारी ओव्हल मैदान गाठलं. मोबाइलवर गाणं लावायचं, थांबवायचं, पुन्हा लावायचं आणि चित्रातला राजाबाई टॉवर समोरच्या टॉवरशी जुळेपर्यंत सरकत राहायचं. त्या गाण्यातला पाऊस खरा आहे. अमिताभचा सूट आणि मौसमीची साडी मुंबईच्याच पावसात भिजली आहे. सिनेमा १९७९ चा, तुमचं लग्न १९७८ चं. मैदानाच्या पश्चिमेच्या त्या गोल कोपऱ्यांच्या इमारती २०१८ पासून जागतिक वारसा यादीत आहेत, पण मी बघत होते ती तुम्हा दोघांना. ऑफिस सुटल्यावर इथून मरीन ड्राइव्हपर्यंत चालत जाणारे तुम्ही.

बाबा, मला कायम वाटायचं की तुम्हाला फिरायची हौस होती. घरी येऊन 'मुंबईचा जावई' पुन्हा पाहिला. १९७० चा, राजा ठाकूरांचा. त्यावरून दोन वर्षांनी 'पिया का घर' निघाला. नवीन लग्न झालेल्या जोडप्याला भरल्या घरात दोन शब्द बोलायला कोपरा मिळत नाही, एवढीच गोष्ट. आपण शनिवारी दूरदर्शनवर तो बघायचो तेव्हा मी खिदळायचे. या वेळी हसू आलं नाही. गिरगावातली आपली खोली, त्यात आजी-आजोबा, दोन्ही काका, आत्या आणि तुम्ही दोघं. तुम्ही फिरायला जात नव्हतात. बोलायला जात होतात. हे कळायला मला स्वतःच्या संसाराची वीस वर्षं लागली.

दुसऱ्या रविवारी जहांगीर आर्ट गॅलरी. 'छोटी सी बात'मध्ये अमोल पालेकर आणि विद्या सिन्हा बसतात ते समोवार कॅफे तिथलंच. २०१५ मध्ये बंद झालं. त्या लांबट व्हरांड्यापाशी उभी राहिले आणि वाईट वाटलं. तुम्ही तिथे कधी गेला होतात का? आईने सांगावं, बाबा विषय बदलतील. परतताना गिरगावात गेले. बाबा, दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ ला ज्या कॉरोनेशनमध्ये लागला, ते आपल्या गिरगावातच होतं, सँडहर्स्ट रोडला. त्याच रस्त्यावरून मी रोज शाळेत गेले आणि मला पत्ता नव्हता.

तिसरा रविवार खास आईसाठी. गोरेगावला दादासाहेब फाळके चित्रनगरीत बसने फिरवून आणतात. १९७७ पासून तिथे शूटिंग चालतं, जागा पाचशे एकरांहून मोठी, मागे जंगल. आई, तुझ्या मालिकांमधल्या वाड्यांना पुष्कळदा छप्परच नसतं गं, लाइट वरून टांगायचे असतात म्हणून. भिंती प्लायवूडच्या. पण एका सेटवर तुळशीवृंदावनातली तुळस मात्र खरी होती आणि एक मुलगा तिला मगने पाणी घालत होता. ते बघून तुझी फार आठवण झाली.

आता मुद्द्याचं. जुलैमध्ये तुम्ही दोघांनी पंधरा दिवस इकडे यावं. बाबांच्या गुडघ्याची काळजी करू नका, चर्चगेटहून टॅक्सी करू आणि मरीन ड्राइव्हच्या कठड्यावर तुम्हाला बसवून मी समोरच्या फुटपाथवर थांबेन, लांब. भिजायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. चिपळूणहून मांडवीने या, दुपारची गाडी आहे, रात्री मी ठाण्याला उतरवून घेते. आरक्षण साठ दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख रविवारच्या फोनवर नक्की सांगा. खालचेच बर्थ बघते.

तुमची,
मनू