तू नसलेल्या रात्रींचं काय

प्रिय मित्रा,

तुझा मेसेज वाचून चार ओळींचं उत्तर लिहिलं होतं, पण ते पाठवलं नाही. तू विचारलंस एवढंच, "आता आपण दोघंच उरलो, त्यात माझ्या ड्युटीचा भरवसा नाही, मग कुठला गेम घ्यायचा?" नुसती नावं तर तुलाही ठाऊक आहेत. म्हणून आज सवडीने बसून लिहितोय.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, जी मी तुला कधी बोलून दाखवली नाही. मागे तू तीन आठवडे कामात अडकला होतास, तेव्हा आपल्या त्या गेममध्ये मी रोज रात्री एकटाच खेळत राहिलो. तू परतलास तेव्हा मी तुझ्यापेक्षा वीसेक लेव्हल पुढे गेलो होतो. ज्या राक्षसाशी तुला झुंजायचं होतं, तो मी एका घावात आडवा केला. तू म्हणालास, "भारी झालास रे!" त्यानंतर तुझं येणं कमी होत गेलं. मला वाटलं, तुला वेळ नसेल. वेळ होता तुला. माझ्यासोबत तिथे तुला करण्यासारखं काही उरलं नव्हतं. हे मला फार उशिरा कळलं आणि त्याचं आजही वाईट वाटतं.

तेव्हापासून कुठलाही ऑनलाइन गेम बघताना मी एकच गोष्ट आधी शोधतो. तू नसलेल्या रात्री मी खेळलो, तर आपल्यातलं अंतर वाढतं, की तू येशील तेव्हा तुझ्या उपयोगी पडेल असं काही तयार होतं? तुझ्या प्रश्नाचं माझं उत्तर सगळं यातच आहे. बाकीचं पत्र म्हणजे गेल्या काही महिन्यांत मी काय काय चाळलं त्याची हकिगत.

गेमच्या पानावर "१ ते ४ खेळाडू" असं लिहिलेलं असतं, त्यावर विश्वास ठेवू नकोस. त्याचा अर्थ फक्त एवढाच की दोघांना आत जाता येतं. दोघांचा विचार करून गेम बनवलाय का, हे वेगळं तपासावं लागतं. 'मॉन्स्टर हंटर: वर्ल्ड' हा २०१८ चा गेम घे. उत्तम गेम आहे, पण सुरुवातीला त्यात राक्षसाची ताकद दोनच मापांत होती, एकट्यासाठी एक आणि एकापेक्षा जास्त असतील तर दुसरं. म्हणजे दोघं गेले तरी समोरचं जनावर चौघांच्या हिशोबाने दणकट. दोघांचं वेगळं माप २०१९ मध्ये त्याच्या 'आइसबोर्न' या विस्तारासोबत आलं. 'एल्डन रिंग नाइटरेन'चंही तसंच. मे २०२५ मध्ये तो आला तेव्हा एकट्याने खेळता यायचं, तिघांनी खेळता यायचं, पण दोघांनी नाही! दोन मित्र असले तर तिसरा अनोळखी घ्यायचा. जुलैच्या अखेरीस अपडेट देऊन दोघांची सोय केली गेली. एवढ्या मोठ्या स्टुडिओलाही जोडी हा वेगळा प्रकार आहे हे नंतर लक्षात येतं, तर आपण डोळे उघडे ठेवून निवडलेलं बरं.

आता मला जो सगळ्यात जास्त आवडला, त्याबद्दल जरा मोकळेपणाने लिहू दे. 'डीप रॉक गॅलॅक्टिक'. खाणीत उतरलेले बुटके, हातात कुदळ आणि बंदुका, आणि अंधारातून येणारे किडे. २०२० मध्ये पूर्ण स्वरूपात आला, चौघांपर्यंत खेळता येतो, आणि किती जण आहेत ते बघून अवघडपणा बदलतो. चार प्रकारचे बुटके आहेत, त्यातल्या स्काउट आणि इंजिनिअर या जोडीवर माझा जीव जडलाय. सोन्याची शीर छताजवळ असते. इंजिनिअर खालून भिंतीवर एक फळीवजा ओटा मारतो, स्काउट दोरीच्या हुकाने झपकन वर जाऊन त्या ओट्यावर उभा राहतो आणि खणतो. एकाचा ओटा नसेल तर दुसऱ्याला उभं राहायला जागा नाही, आणि दुसऱ्याची दोरी नसेल तर ओट्याचा उपयोग नाही. कुणी कुणाला काही सांगायलाही लागत नाही. तू कंदील फेकलास की मला कळतं तू कुठे बघतोयस. माझ्या मते दोघांचा खेळ म्हणतात तो असा. दोन बंदुका एकाच दिशेने चालतात म्हणून तो दोघांचा होत नाही.

आणि एकट्याचं काय? एकटा गेलास तर सोबतीला बॉस्को नावाचा उडता यंत्रमानव मिळतो. तो उजेड करतो, लढतो, तू दाखवशील ते खणून आणतो, आणि तू पडलास तर ठरावीक वेळा उठवतो. त्यामुळे एकट्याची रात्र शिक्षा वाटत नाही. शिवाय एकेक मोहीम साधारण अर्ध्या तासात आटोपते. पुढे चालत राहणारी एकच कथा नाही की जी तू चुकवलीस म्हणून मागे पडशील. माझी हत्यारं थोडी सुधारलेली असतील एवढंच, पण खाणीत तुझ्या दोरीची गरज मला तेवढीच राहते. तीन आठवड्यांनी आलास तरी पहिल्या मिनिटापासून तू कामाचा.

'वॅल्हाइम'कडे मी दुसऱ्या कारणाने वळलो. २०२१ मध्ये आलेला, जंगलात घर बांधत, शिकार करत, एकेक बलाढ्य शत्रू पाडत जायचा गेम. तिथे एकटेपणी करण्यासारखं इतकं काही आहे की मला माझ्या प्रश्नाचं उत्तर जवळजवळ मिळालं. तू नसताना मी लाकूड आणीन, धातू वितळवीन, तुझी खोली बांधीन, कुंपण पक्कं करीन. शत्रूला मात्र हात लावायचा नाही, तो दोघं असतानाच. तू येशील तेव्हा घर उबदार असेल आणि लढाई शिल्लक असेल. एक गोष्ट मात्र आधीच ठरवायला हवी, जग कुणाच्या कॉम्प्युटरवर ठेवायचं? मी होस्ट असेन, म्हणजे जग माझ्याकडे असेल, आणि माझा कॉम्प्युटर बंद असेल तर तुला आपल्या जगात शिरता येणार नाही, वेगळा सर्व्हर, म्हणजे सतत चालू राहणारा कॉम्प्युटर, घेतला तरच येईल. तुझं पात्र आणि त्याच्याजवळचं सामान मात्र तुझ्याकडेच राहतं, त्यामुळे ते घेऊन तू स्वतःच्या वेगळ्या जगातही फिरू शकतोस.

हाच मुद्दा 'स्टार्ड्यू व्हॅली'त जास्त बोचतो. शेतीचा तो गेम मला मनापासून आवडतो. एकट्याने वर्षानुवर्षं खेळावा असा आहे, आणि २०१८ पासून सोबतीनेही खेळता येतो. पण सोबतीचं शेत होस्टच्या सेव्ह फाईलमध्ये राहतं. होस्ट नसेल तर पाहुण्याला त्या शेतावर पाऊल ठेवता येत नाही. तुझ्या ड्युटीचं वेळापत्रक बघता होस्ट तू नको, मीच होईन. पण मग मी एकट्याने त्या शेतावर दिवस काढले तर ऋतू पुढे सरकतो आणि तुझी पेरणी हुकते! म्हणून आपलं सोबतीचं शेत वेगळं, माझं एकट्याचं वेगळं. सोबतीच्या शेतावर सगळे झोपायला गेले किंवा तिथले रात्रीचे दोन वाजले की दिवस संपतो, आणि तिथला अख्खा दिवस आपल्या घड्याळात जेमतेम चौदा मिनिटांचा. तू दमलेला असशील त्या रात्री दोन दिवस शेती करू आणि बंद करू. त्यासाठी याहून बरं काही मला सापडलं नाही.

एकट्याने खेळलेलं दुसऱ्याच्या कामी येणं हे मी सगळ्यात सरळ बघितलं ते 'ओल्ड स्कूल रूनस्केप'मध्ये. गेम दिसायला जुनाट आहे, तुला आधी नको वाटेल. पण त्यात आयर्नमॅन म्हणून एक प्रकार आहे, ज्यात कुणाशी देवाणघेवाण करायची नाही, सगळं स्वतः मिळवायचं. २०२१ मध्ये त्याचाच गटाचा प्रकार आला, दोन ते पाच जणांचा. बाहेरच्या कुणाकडून काही घ्यायचं नाही, पण गटात एकमेकांना द्यायचं, आणि गटाची एक सामाईक कोठीही असते. मी रात्री मासे पकडून तिथे ठेवले, तू दुपारी फोनवरून ते उचलून लढायला गेलास. आपण दोघं एका वेळी ऑनलाइन नसलो तरी एकत्र खेळतोय असं वाटतं. तुझ्या बदलत्या पाळ्यांना हे किती बसतं बघ.

आता अशा गेमबद्दल, ज्यांना एकटा चालतच नाही. 'इट टेक्स टू' (२०२१). यात एकट्याचा मोडच नाही, शेवटपर्यंत दोघंच हवेत. पहिल्याच भागात एकाकडे खिळे असतात आणि दुसऱ्याकडे हातोडी. तू भिंतीत खिळे ठोकायचेस, मी हातोडीने त्यांना लटकून पुढे जायचं. पुढच्या भागात हत्यारं बदलतात आणि दोघांनाही पुन्हा शिकावं लागतं, त्यामुळे कुणी पुढे, कुणी मागे असा प्रकारच उरत नाही. दोघांपैकी एकानेच विकत घेतला तरी दुसऱ्याला सोबत फुकट खेळता येतं. त्याच स्टुडिओचा 'स्प्लिट फिक्शन' २०२५ मध्ये आला, त्याचीही रीत हीच. 'पोर्टल २' जुना, २०११ चा, पण दोघांसाठी त्यात अख्खी वेगळी मोहीम आहे, दोन यंत्रमानवांची, आणि एकट्याची कथा निराळी. दोन्ही एकमेकांच्या वाटेत येत नाहीत. हे तिन्ही मी तुझ्या नक्की सुट्टीच्या दिवसांसाठी राखून ठेवलेत. अर्धवट सोडून महिनाभराने उचलायला ते बरे नाहीत, कोड्याचा धागा हातातून निसटतो.

चुरशीच्या गेमबद्दल माझं मत थोडं कडक झालंय. पाच जणांच्या टीममध्ये दोघं गेलो की उरलेले तिघं अनोळखी. मग रात्र कशी जाणार हे त्या तिघांच्या हातात. 'पब्जी'त दोघांचा वेगळा सामना आहे हे चांगलं. तू जखमी होऊन पडलास तर मी तुला उठवू शकतो, आणि त्या काही सेकंदांसाठी मी झाडामागून धावत येतो तेव्हा छातीत जे धडधडतं, ते एकट्याच्या सामन्यात नसतं. एकट्याला तिथे उठवणारं कुणी नाही. पण मला स्वतःला 'रॉकेट लीग' जास्त पटतं, गाड्यांनी खेळायचा फुटबॉल. दोन विरुद्ध दोनचा सामना, पाच मिनिटांचा. आपण दोघं म्हणजेच अख्खी टीम, तिसऱ्याचा संबंध नाही. तू नसलास तर एकास एक. आणि मी एकट्याने कितीही सराव केला तरी तो तुझ्या कामी येतो, कारण मग तुझा पास मी वाया घालवत नाही.

'सी ऑफ थीव्ह्ज'चं जहाज तर दोघांच्या मापाचंच आहे. त्यातलं सगळ्यात लहान जहाज, स्लूप, एक-दोन जणांसाठी. एक सुकाणूवर, दुसरा शिडं आणि तोफ बघणार. एकट्याने चालवता येतं, पण बुडाला भोक पडलं की सुकाणू सोडून खाली धावावं लागतं, आणि तेवढ्यात शत्रूचं जहाज जवळ येतं. २०२३ च्या डिसेंबरपासून त्यात असा समुद्रही आहे जिथे दुसरे खेळाडू नसतात. एकट्याने तिथे शिकायचं आणि जोडीने खऱ्या समुद्रात उतरायचं, असं मी करून बघितलं. जमतं.

मोठ्या जगांच्या गेमना मी अजून तरी बाजूला ठेवलंय, कारण ते वेळ फार खातात. तरी 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन'चं नाव लिहून ठेव. २०१६ पासून तिथे लेव्हल वेगवेगळी असली तरी सोबत हिंडता येतं, जग दोघांच्याही मापाने वागतं. आपण तेव्हा असा गेम खेळत असतो तर ती वीस लेव्हल आपल्यामध्ये आली नसती. 'वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट'मध्येही २०२४ पासून डेल्व्ह्ज म्हणून छोट्या गुहा आहेत, एक ते पाच जणांसाठी, आणि सोबतीला गेमकडूनच एक गडी मिळतो.

घेण्याआधी दोन गोष्टी बघ. तुझ्या आणि माझ्या मशीनवरून तो एकत्र खेळता येतो का, कारण 'माइनक्राफ्ट'चीसुद्धा जावा आणि बेडरॉक ही दोन रूपं आपसात जोडली जात नाहीत. आणि स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानातून घेतलास तर चौदा दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळून, परत करता येतो. ते दोन तास आपण असे वापरू: एक तास दोघांनी, अर्धा तास तू एकट्याने, आणि मग मला खरं सांग, एकट्याच्या त्या अर्ध्या तासात कंटाळा आला का. माझं मन राखायला "छान आहे" म्हणू नकोस. मागच्या वेळी तू तसंच म्हणाला होतास.

सुरुवात 'डीप रॉक'पासून करू. मी स्काउट व्हायला शिकलोय, पण तुला दोरी हवी असेल तर इंजिनिअर होईन. येत्या शनिवारी रात्री मी लॉबी, म्हणजे गेममधली जमायची खोली, उघडी ठेवतो. तुझी पाळी लांबली तर घाई करू नकोस. मी एकटाच खाली गेलेलो असेन, आणि त्या गेममध्ये मोहीम चालू असतानाही आत येता येतं. तू उतरलास की पुढचं दोघं मिळून खणू.

तुझाच,
मी