ताई, एक्सआरडीच्या ग्राफमध्ये ते दोन पीक (टोकं) दिसले नाहीत म्हणून नाचत होतो मी

ताई, फोनवर नीट बोलता आलं नाही म्हणून इथेच सगळ्यांसमोर थँक्यू म्हणतो, चालेल ना?

तो दिवस आठवतोय? कॉपर घातलेल्या झेडएसएम-५ चा (हा एक झिओलाइट, म्हणजे बारीक छिद्रांचं सिलिकॉन-अ‍ॅल्युमिनियमचं खनिज) एक्सआरडी, म्हणजे कुठले स्फटिक आहेत ते दाखवणारा एक्स-रे ग्राफ, घेऊन मी लॅबमध्ये उड्या मारत आलो होतो, झिओलाइटचे ७.९, ८.८ आणि २३ अंशांच्या पुढचे पीक सगळे जागेवर आणि कॉपर ऑक्साइडचे ३५.५ आणि ३८.७ चे गायब, म्हणजे सगळं कॉपर छिद्रांमध्ये आयन म्हणून बसलं असं मीच ठरवून टाकलं होतं. तुम्ही ग्राफ बघितलाच नाही, बाटली हलवली आणि म्हणालात, "अरे, ही पावडर राखाडी का दिसतेय?"

खरं सांगू, राग आला होता. आयसीपीचा (कुठलं मूलद्रव्य किती आहे ते मोजणारी चाचणी) रिपोर्ट माझ्या बॅगेतच होता, कॉपर-अ‍ॅल्युमिनियम रेशो ०.८, आणि एक सीयू टू प्लस (दोन धन चार्जचा कॉपर आयन) झिओलाइटमधल्या दोन अ‍ॅल्युमिनियमचा चार्ज सांभाळतो म्हणजे साध्या हिशोबाने ०.५ च्या वर जायलाच नको, हे तुम्ही चहाच्या कपावर बोट ठेवून समजावलंत. कण ३-४ नॅनोमीटरपेक्षा बारीक असले की एक्सआरडीला दिसतच नाहीत, हे पुस्तकात वाचलेलं होतं पण डोक्यात तेव्हा शिरलं. मग टीपीआरसाठी (हायड्रोजनमध्ये तापवत नेऊन कॉपर कुठल्या तापमानाला रिड्यूस होतं ते बघायची चाचणी) सॅम्पल पुण्याला पाठवायला लावलंत (कुरिअरचे पैसेही तुम्हीच दिले, ते अजून द्यायचेत). सुटे आयन दोन पायऱ्यांत रिड्यूस होतात, आधी एक चार्जचा सीयू वन आणि मग बऱ्याच वरच्या तापमानाला धातू, आणि माझ्याकडे आला एकच मोठा ढेकूळ पीक. सगळा ऑक्साइड! एक्स्चेंज करताना, म्हणजे द्रावणातून कॉपर आयन झिओलाइटमध्ये बसवताना, अमोनिया जास्त पडून पीएच चढला होता आणि कॉपर हायड्रॉक्साइड खाली बसलं होतं, कॅल्सिनेशनला (भट्टीत भाजताना) ५५० अंशांवर त्याचंच ऑक्साइड झालं, एवढीच गोष्ट.

तुमच्यामुळे तो ग्राफ पेपरमध्ये गेला नाही. गेला असता तर रिव्ह्यूवरने सोललं असतं.

आणि हो, सिन्नरच्या गारगोटी म्युझियमला तुम्ही पाठवलंत तेही बरं केलंत, आपल्याच बेसॉल्टमधले स्टिल्बाइट-ह्यूलँडाइट (हेही झिओलाइटच) बघून आई म्हणाली, "तू दोन वर्षं हेच दगड भाजतोयस का?"

नवी बॅच पीएच सांभाळून केलीये, फिकट निळी आलीये. तुमचा अगेटचा खल अजून माझ्याकडेच आहे, शनिवारी घेऊन येतो.