नदीतले गादे

रेड बँक, न्यू जर्सी
१४ डिसेंबर २००८

ती. बाबा आणि आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

आईने पाठवलेली सोलं पोचली. कालच कढी केली.

बाबा, मागच्या फोनवर तुम्ही विचारलंत, एवढ्या थंडीत मी सारखी नदीवर कशाला जाते. फोनवर सांगून झालं नसतं, म्हणून लिहिते. जूनपासून इथल्या श्रूसबरी आणि नेव्हसिंक नद्यांत डॉल्फिनचा कळप येऊन राहिलाय. नद्या म्हणायच्या एवढंच, आहेत खाड्याच, भरती-ओहोटीच्या खाऱ्या पाण्याच्या. पण देवबागला कर्ली जशी सरळ दर्यात उतरते, तसं इथे नाही. मध्ये सी ब्राइट गावाची वाळूची चिंचोळी पट्टी आहे. पलीकडे लाटा फुटताना ऐकू येतात, पण दर्यात जायचं तर उत्तरेला हायलंड्सच्या पुलाखालून निघून सँडी हुकच्या टोकाला वळसा घालावा लागतो.

हे आपल्याकडच्या डॉल्फिनांसारखे, आपल्या गाद्यांसारखे, कुबडाचे नाहीत. पाठ सपाट, तोंड आखूड, रंग राखाडी. उन्हाळ्यात पंधराच्या आसपास होते, पिल्लंही होती. सगळं गाव काठावर जमायचं. त्यांना इथे मासा भरपूर मिळाला. बंकर म्हणतात त्याला, आपल्या तारली-पेडव्याच्याच कुळातला, तेलकट. या किनाऱ्याचे डॉल्फिन थंडी पडली की दक्षिणेला नॉर्थ कॅरोलायनाकडे जातात. हे गेले नाहीत. आता कळपही लहान दिसतो.

गारठ्याची भीती तेवढी नाही, बर्फाची आहे. नदी वरून गोठली तर श्वासाला वर येणार कुठून? १९९३ सालीही काही डॉल्फिन याच पाण्यात मागे राहिले होते, आणि बर्फाने वाट अडल्यावर मेले. इथली जुनी माणसं ते विसरलेली नाहीत. म्हणून गावागावात एकच मागणी आहे, बोटी लावा, पाण्यात आवाज करा आणि त्यांना दर्यात हाकला. पुलाचं काम चालू आहे, त्या आवाजाला भिऊन ते खालून जात नाहीत, असंही बरेच जण म्हणतात. केंद्राच्या मत्स्यविभागाचं म्हणणं वेगळं आहे. जनावरं खाऊनपिऊन आहेत, ही जागा त्यांच्या वावराचीच आहे. हाकलायला गेलो तर घाबरून उथळ पाण्यात चढतील, माय-पिल्लांची ताटातूट होईल. समुद्रातल्या सस्तन प्राण्यांसाठी इथे १९७२ चा कायदा आहे, त्याने त्यांना त्रास द्यायलाही मनाई आहे.

पहिल्यांदा हे वाचलं तेव्हा मला राग आला होता. मरेपर्यंत नुसतं बघत बसायचं का, असं वाटलं. मग ऑगस्टमधली एक संध्याकाळ आठवली. एक मोटरबोट फोटोसाठी त्यांच्या अंगावर गेली. सगळा कळप एकदम बुडाला आणि वर आला तो पार काठाजवळ, कमरेएवढ्या पाण्यात. एका बोटीने ही गत, तर दहा बोटींनी काय होईल? तेव्हापासून हाकलायची गोष्ट मला पटत नाही. पण बर्फ धरायला लागला तर काय करणार, हे मत्स्यविभागाने आत्ताच लोकांसमोर मांडावं, असं मला मनापासून वाटतं. बर्फ धरल्यावर सभा घेऊन काय उपयोग?

आज सकाळी दोन तास उभी होते. बोटं बधिर झाली. पाण्यावर अजून बर्फ नाही. ओहोटी लागल्यावर तीन पंख दिसले, पुलाच्या दिशेने जाताना. मी काठाकाठाने चालत राहिले, पुढे झाडी आडवी आली. गेले की परत फिरले, कळलं नाही.

बाबा, मी सात-आठ वर्षांची असताना आपल्या रापणीत गादा आला होता. माणसं ओरडत होती, कोणी वल्हं उगारलं होतं. तुम्ही सगळ्यांना गप्प केलंत आणि म्हणालात, "दोर ढिलो सोडा, तेका वाट गावांदेत." त्याला वाट लगेच सापडली नाही, जाळ्यात तो गोल फिरत राहिला, एवढं मला आठवतं. मग आईने मला शाळेसाठी हाक मारली.

रविवारी फोन करते तेव्हा मला सांगा, तो शेवटी कसा गेला? किती वेळ थांबावं लागलं तुम्हाला?

आईच्या गुडघ्याला तेल लावत जा.

तुमची,
माया