रद्दीत जाणाऱ्या तबकड्या आणि घरात राहावेत असे चित्रपट

प्रति,
मा. संपादक,

स. न. वि. वि.

यंदाच्या दिवाळीच्या साफसफाईत शाहूपुरीतल्या आमच्या गल्लीतून रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चित्रपटांच्या व्हीसीडी आणि डीव्हीडी भरलेली दोन पोती गेली. मी गाडी थांबवून पोती उपसली, तेव्हा त्यांत प्रभातचे तीन चित्रपट, भालजी पेंढारकरांच्या ‘साधी माणसं’च्या दोन व्हीसीडींपैकी फक्त पहिली, लहान मुलांच्या गाण्यांच्या पुष्कळ तबकड्या आणि आज कोणाला नावेही आठवणार नाहीत अशा चित्रपटांचा ढीग निघाला. ज्यांनी पोती दिली त्यांना कारण विचारले, तर हल्ली बहुतेक घरांत ऐकू येणारे उत्तर मिळाले: प्लेअर बंद पडला आहे, आणि आता सगळे मोबाइलवर मिळते. याच सुमारास नवे घर घेतलेल्या माझ्या पुतण्याने, एका फळीवर मावतील एवढेच चित्रपट तबकडीवर ठेवायचे झाले तर कोणते ठेवावेत, असे मला मनापासून विचारले. त्याला दिलेले उत्तर आणखी काही घरांच्या उपयोगी पडेल असे वाटल्याने हे पत्र लिहीत आहे.

सगळे मोबाइलवर मिळते, हे खरे नाही. ऑनलाइन सेवेवर दिसणारा चित्रपट त्या सेवेने ठरावीक मुदतीचे हक्क घेऊन दाखवलेला असतो. मुदत संपली आणि करार वाढला नाही की तो यादीतून निघून जातो आणि वर्षानुवर्षे वर्गणी भरणाऱ्याच्या हाती काहीच राहत नाही. जुन्या मराठी चित्रपटांची स्थिती तर त्याहून वाईट आहे. ते मिळालेच तर कोणीतरी दूरचित्रवाणीवरून उतरवून घेतलेल्या, कोपऱ्यात वाहिनीचे चिन्ह असलेल्या आणि मधले एखादे गाणे गाळलेल्या प्रतीत मिळतात.

चित्रपट नाहीसा होतो म्हणजे काय होते, हे कोल्हापूरकरांना तरी वेगळे सांगावे लागू नये. बाबूराव पेंटर यांनी याच शहरात महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी केली, कॅमेराही स्वतः तयार केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. १९२५ च्या त्यांच्या ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावणाऱ्या शेतकऱ्याच्या भूमिकेत तरुण व्ही. शांताराम होते. हे दोन्ही मूकपट आज आपण पाहू शकत नाही. त्यांची वर्णने वाचायची आणि छायाचित्रांवर समाधान मानायचे. त्या काळची नायट्रेट फिल्म भडकन पेट घेणारी होती, नीट ठेवली नाही तर चिकट होऊन विरघळत असे, आणि तिच्यातल्या चांदीसाठी कित्येक प्रती विकल्याही गेल्या. भालजींचा इथला स्टुडिओ १९४८ च्या जाळपोळीत भस्मसात झाला. पुण्यात जानेवारी २००३ मध्ये नायट्रेट फिल्मच्या कोठाराला आग लागली, तेव्हा प्रभातच्या मूळ फिल्मही जळाल्या. त्यांतील चित्रपट आपण अजून पाहू शकतो, ते वेळीच दुसऱ्या फिल्मवर प्रती काढून ठेवल्या गेल्या म्हणून. घरातली तबकडी ही त्या प्रतीचीही धाकटी प्रत आहे, तिची योग्यता मूळ फिल्मची नव्हे, हे मला कळते. तरीही अशा प्रती हजार घरांत असणे आणि एकाही घरात नसणे यांत फार मोठा फरक आहे.

आता निवडीविषयी. थोर चित्रपटांच्या याद्या पुष्कळ निघतात आणि त्या पाहून खरेदी करणाऱ्यांची कपाटे मी पाहिली आहेत. त्यांतल्या निम्म्या तबकड्यांचे प्लास्टिकचे वेष्टनही निघालेले नसते. माझी कसोटी साधी आहे. जो चित्रपट आपण दोनदा पाहिला आहे आणि तिसऱ्यांदा घरातल्या दुसऱ्या कोणाला तरी शेजारी बसवून दाखवावासा वाटतो, तो घरात हवा. त्यातही जो पुन्हा सहज मिळणार नाही त्याला आधी जागा द्यावी. या हिशेबाने मुंबईच्या गाजलेल्या हिंदी चित्रपटांना माझ्या फळीवर कमी जागा मिळते, कारण त्यांची काळजी वाहणारे पुष्कळ आहेत.

पुतण्याला मी फळीच्या डाव्या टोकाला हरिश्चंद्राला जागा द्यायला सांगितली. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’चा आज काही भागच शिल्लक आहे, तो मिळेल तिथून मिळवावा. त्याच्या शेजारी ‘अयोध्येचा राजा’ ठेवावा. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या प्रभातने १९३२ मध्ये इथेच तो तयार केला आणि राजाच्या भूमिकेत गोविंदराव टेंबे होते. फाळक्यांना तारामतीसाठी स्त्री मिळाली नाही म्हणून अण्णा साळुंके यांनी ती भूमिका केली; त्यानंतर एकोणीसच वर्षांनी शिकलेल्या, प्रतिष्ठित घरातल्या दुर्गा खोटे तारामती होऊन बोलल्या आणि गायल्या. तिसरा २००९ चा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’, ज्यात परेश मोकाशी यांनी फाळक्यांच्या त्या खटाटोपाचीच गोष्ट सांगितली आहे. सुट्टीच्या तीन संध्याकाळी हे तीन चित्रपट ओळीने पाहिले, तर मराठी समाज पडद्यासमोर आणि पडद्यावर कसा बदलत गेला हे घरातल्या दहा वर्षांच्या मुलालाही व्याख्यानाशिवाय समजते. मी हे आमच्या घरी करून पाहिले आहे. मुलांनी सर्वांत जास्त प्रश्न साळुंक्यांच्या तारामतीविषयी विचारले.

‘संत तुकाराम’विषयी फार लिहायची गरज नाही. १९३६ चा हा चित्रपट पुढच्याच वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरवला गेला, आणि त्याचे दिग्दर्शक दामले आणि फत्तेलाल हे दोघेही बाबूराव पेंटरांच्या हाताखाली कोल्हापुरात तयार झालेले. विष्णुपंत पागनीस यांच्या चेहऱ्यावरचा तो निवांतपणा पाहण्यासाठी वर्षातून एकदा तरी ही तबकडी काढावी. ‘साधी माणसं’ (१९६५) मात्र आपल्या शहराने विशेष जपायला हवा. ऐरणीवर घाव घालणारे लोहार जोडपे, जयश्री गडकर आणि सूर्यकांत, आणि ‘आनंदघन’ या नावाने लता मंगेशकर यांनी दिलेले संगीत हे सारे सर्वांना ठाऊक आहे. मला तो जपावासा वाटतो तो त्यातल्या बोलीसाठी आणि कष्टकऱ्याच्या घरातल्या वागण्याच्या खरेपणासाठी. आमच्या लहानपणी जशी भाषा दारात ऐकू येई, तशी ती भालजींच्या पात्रांच्या तोंडी आहे.

तमाशापटांपैकी दोन पुरेत: अनंत माने यांचा १९५९ चा ‘सांगत्ये ऐका’ आणि शांतारामबापूंचा १९७२ चा ‘पिंजरा’, ज्याचे संवाद आपल्याच जिल्ह्यातल्या शंकर पाटलांचे आहेत. ‘श्यामची आई’ला १९५३ च्या चित्रपटांतून पहिले राष्ट्रपती सुवर्णपदक मिळाले, आणि त्यानंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय सन्मान मराठीकडे परत यायला ‘श्वास’पर्यंत, म्हणजे अर्धे शतक, थांबावे लागले. एका चित्रपटात आई आणि मुलगा आहेत, दुसऱ्यात आजोबा आणि नातू. हे दोन्ही एकाआड एक पाहावेत. पुढच्या पिढीसाठी ‘सिंहासन’, ‘फँड्री’ आणि ‘कोर्ट’ यांना जागा ठेवली आहे. त्यांच्यावर अलीकडे भरपूर लिहिले गेले असल्याने इथे थांबतो.

मराठीबाहेरचे चित्रपट प्रत्येकाने आपल्या रुचीने घ्यावेत, पण सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ निवडताना प्रत कोणती आहे ते अवश्य पाहावे. १९९३ साली लंडनच्या एका प्रयोगशाळेला लागलेल्या आगीत त्याच्या मूळ निगेटिव्हचे मोठे नुकसान झाले. जळून आक्रसलेली ती फिल्म पुढे इटलीतल्या बोलोन्या इथल्या तंत्रज्ञांनी अतिशय कष्टाने पूर्ववत करण्याचा प्रयत्न केला आणि जिथे ती हाती लागली नाही तिथे इतर प्रतींची जोड देऊन २०१५ मध्ये चित्रपट पुन्हा पडद्यावर आणला. जुनी खरबरीत प्रत पाहिलेल्या माणसाने ही नवी पाहिली की काशफुलांच्या रानातले अपू आणि दुर्गा जणू पहिल्यांदाच दिसतात.

चित्रपटाइतकीच प्रतही पारखून घ्यावी, हे माझे सांगणे त्यासाठीच आहे. व्हीसीडीवरचे चित्र ३५२ गुणिले २८८ बिंदूंचे असते, डीव्हीडीवर ते ७२० गुणिले ५७६ आणि ब्लू-रेवर १९२० गुणिले १०८० होते. आजच्या मोठ्या टीव्हीवर व्हीसीडी धूसर दिसते ती यामुळे. तरीही एखाद्या चित्रपटाची दुसरी कोणतीच प्रत नसेल, तर व्हीसीडी टाकू नये. जुन्या चित्रपटांची चौकट जवळजवळ चौकोनी, चारास तीन या प्रमाणाची असे. रुंद टीव्ही भरून निघावा म्हणून काही तबकड्यांवर ती ताणलेली किंवा वरून-खालून कापलेली असते. मी एकदा हौसेने मागवलेल्या तबकडीत संपूर्ण चित्रपटभर माणसे बुटकी आणि जाड दिसत होती, शिवाय एक लावणी अर्ध्यावर तोडलेली होती. विक्रेत्याने ती परत घेतली नाही. टीव्हीच्या दोन बाजूंना काळ्या पट्ट्या दिसल्या म्हणजे तबकडी सदोष आहे असे समजू नये, उलट तेच योग्य आहे.

पाकिटावर छापलेली मिनिटेही तपासावीत. चित्रपट सेकंदाला २४ चौकटींनी, म्हणजे २४ सुट्या चित्रांनी (फ्रेम्सनी), चालतो आणि आपल्याकडच्या डीव्हीडीवर तो बहुधा २५ चौकटींनी धावतो, त्यामुळे १५० मिनिटांचा चित्रपट १४४ मिनिटांत संपतो आणि गाण्याचा स्वर किंचित चढा लागतो. ज्यांचा कान तयार आहे त्यांना टेंबे यांच्या गाण्यात हे जाणवेल. जपानी दिग्दर्शक कुरोसावा यांचा ‘सेव्हन समुराई’ २०७ मिनिटांचा आहे. डीव्हीडीवर १९९ च्या आसपास मिनिटे दिसली तर ती या हिशेबाने बरोबर आहेत, पण १६० दिसली तर तो परदेशी वितरणासाठी कापलेला चित्रपट आहे हे ओळखावे. परदेशातल्या नातेवाइकांकडून तबकडी मागवताना विभागाचा क्रमांक (रीजन कोड) विचारून घ्यावा, कारण एका विभागाची तबकडी दुसऱ्या विभागाच्या प्लेअरवर बहुधा चालत नाही. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात आणि अमेरिका पहिल्यात येते. ब्लू-रेसाठी आपला विभाग सी आणि त्यांचा ए आहे. एवढे न पाहिल्याने चांगल्या तबकड्या इथल्या प्लेअरवर चालत नाहीत आणि कपाटात पडून राहतात.

जपणुकीबाबत जे शिकलो ते ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिकलो. पंचगंगेचे पाणी आमच्या घरात शिरले तेव्हा खालच्या खणातल्या साऱ्या तबकड्या दोन दिवस गाळात होत्या. पाणी ओसरल्यावर आम्ही त्या नळाखाली हलक्या हाताने धुतल्या आणि मऊ सुती कापडाने मध्यापासून कडेकडे सरळ टिपल्या. गोल फिरवून पुसल्याने ओरखडा तबकडीवरच्या माहितीच्या गोलाकार रेषेबरोबर धावतो आणि मग प्लेअरला तेवढा भाग वाचता येत नाही. डीव्हीडी जवळजवळ सर्व वाचल्या, कारण तिच्यातला माहितीचा थर प्लास्टिकच्या दोन चकत्यांच्या मध्ये सुरक्षित असतो. व्हीसीडीचा तो थर वरच्या छापील बाजूच्या पातळ लेपाखालीच असल्याने काहींचा चंदेरी पापुद्रा निघून आला. घरी भरून घेतलेल्या आणि वर कागद चिकटवलेल्या तबकड्या बहुतेक गेल्या. तेव्हापासून आमची फळी छातीच्या उंचीवर आहे, तबकड्या पुस्तकासारख्या उभ्या असतात, आणि पावसाळा संपला की एकेक उघडून बुरशी आली आहे का ते आम्ही पाहतो. एक चालता प्लेअर मात्र प्रत्येक घराने दुरुस्त करून ठेवावा. ब्लू-रेचा घेतला तर त्यावर डीव्हीडीही चालते.

एक विनंती शहरातल्या ग्रंथालयांना आहे. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून पुस्तके सांभाळत आले आहे. त्याने आणि इतर वाचनालयांनी कोल्हापुरात तयार झालेल्या चित्रपटांच्या तबकड्यांसाठी एक कपाट ठेवावे आणि वाचकांनी दिलेल्या प्रती तपासून त्यात लावाव्यात. रद्दीतून परत आणलेल्यांपैकी ज्या माझ्याकडे आधीच होत्या, त्या मी आनंदाने देईन. आणि आपल्या वाचकांपैकी कोणाच्या घरी ‘साधी माणसं’ची दुसरी व्हीसीडी जोडीदाराशिवाय पडून असेल, तर त्यांनी ती टाकू नये आणि कृपा करून आपल्या कार्यालयाकडे पोहोचवावी. पहिली माझ्याकडे आहे, आणि ती उत्तम चालते.

आपला नम्र,
एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर