लेन्स नवी, डबी जुनी

महोदय,

आपल्या लग्नसराई पुरवणीतील मेकअपवरच्या लेखात रंगीत लेन्सविषयी भरपूर माहिती आहे. कोणत्या साडीवर कोणता रंग, काजळ आधी की लेन्स आधी, सगळे आले. (लेन्स आधी, हे अगदी बरोबर.) पण रात्री त्या लेन्स ज्या डबीत जाणार, तिच्यावर एक ओळही नाही.

मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे नजर तपासून चष्मा-लेन्स देणारी, आहे. तपासणीला येणाऱ्यांना मी डबी सोबत आणायला सांगते. लेन्स चकचकीत असतात. डबीच्या तळाला मात्र बोट लावले की बुळबुळीत लागते, झाकणाच्या आट्यांत पांढरट थर असतो. हा थर जिवाणूंचा. त्यांनी स्वतःभोवती केलेल्या आवरणात लेन्स ठेवायचे सोल्यूशन नीट शिरत नाही, म्हणून डबी नुसती भरून ठेवून भागत नाही. यातला स्यूडोमोनास नावाचा जिवाणू बेसिन, तोटी अशा ओलसर जागी सहज वाढतो. बुबुळावर बारीकसा ओरखडा असला तरी एक-दोन दिवसांत तो तिथे खोल जखम करू शकतो. ती भरली तरी फूल, म्हणजे पांढरा डाग, राहते, आणि फूल मधोमध पडले तर नजरेवर कायमचा परिणाम होतो.

सोल्यूशन महाग, म्हणून कालच्यातच थोडे नवे ओतणारे पुष्कळ भेटतात. 2007 मध्ये अमेरिकेत अकँथामिबा या सूक्ष्मजीवाच्या डोळ्यातील संसर्गाचे रुग्ण वाढले, तेव्हा एका कंपनीला आपले सोल्यूशन बाजारातून परत घ्यावे लागले. मात्र तिथल्या सीडीसी या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने रुग्णांची चौकशी केली, त्यात ही वरून ओतण्याची सवयही धोक्याची ठरली. अकँथामिबा पाण्यात राहतो आणि जिवाणू खातो. मळकट डबीत त्याची पंगतच असते. त्यामुळे ‘आमच्याकडे आरओचे पाणी आहे’ हे ऐकले की मी कपाळाला हात लावते. पिण्याचे पाणी निर्जंतुक नसते. लेन्सला किंवा डबीला कुठलेच पाणी लावू नये.

रोज सकाळी डबी रिकामी करावी, सोल्यूशन घालून स्वच्छ बोटाने चोळावी, टिश्यूने पुसून उघडी, पालथी वाळवावी, तीही बाथरूमबाहेर. दर तीन महिन्यांनी फेकून द्यावी. सोल्यूशनच्या बाटलीबरोबर बहुतेक वेळा नवी डबी येते. ती ड्रॉवरमध्ये पडून राहते. फक्त लग्नापुरत्या लेन्स हव्या असतील तर रोज टाकून द्यायच्या घ्याव्यात, म्हणजे डबीच नको. मैत्रिणीच्या किंवा पार्लरमधल्या वापरलेल्या लेन्स तर मुळीच घालू नयेत.

डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सहन होईना, तर लेन्स काढून त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांकडे जावे आणि डबीही न्यावी, तिच्यातूनही जंतू तपासता येतात. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने थेंब आणू नयेत. त्यात स्टेरॉइड असले तर लाली उतरते, आत संसर्ग वाढत राहतो.

विक्रेत्यांना एक सुचवावेसे वाटते: बिलावर डबी बदलण्याची तारीख लिहून द्यावी. गाडीच्या ऑइलची तारीख गॅरेजवाला देतोच की.

— एक ऑप्टोमेट्रिस्ट, नाशिक